पडवीचे कुजलेले खांब आणि लाकडी जिना : सुरक्षित दुरुस्तीची रीत

कोकणातल्या कौलारू घराच्या पडवीचे खांब बहुतेक वेळा पायाशी कुजतात. वरचे सात-आठ फूट लाकूड खणखणीत असते आणि जमिनीलगतची वीतभर जागा बोटाने कोरावी इतकी मऊ झालेली असते. सुताराला बोलावून नवा खांब बसवला की काम झाले, असे आपण समजतो. परंतु जुना खांब ज्या पाण्याने खाल्ला, ते पाणी तसेच राहिले, तर नवा खांबही त्याच वाटेने जातो, आणि आजच्या लाकडाचा दर्जा पाहता जुन्यापेक्षा लवकर जातो. म्हणून या कामाचा क्रम ठरलेला असावा. पाण्याची वाट आधी शोधावी, त्यानंतर छपराचा भार दुसरीकडे घ्यावा आणि करवत अगदी शेवटी हातात धरावी.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिले, तर बुरशी वाढत नाही. त्याहून बरेच वर, तिशीच्या आसपास ते दीर्घकाळ राहिले, की ती झपाट्याने पसरते. लाकडाचे तंतू उभे असल्यामुळे खांबाचे खालचे टोक उघड्या नळ्यांच्या जुडग्यासारखे पाणी वर ओढते. बाजूच्या पृष्ठभागातून शिरणारे पाणी त्यामानाने फारच थोडे. जुन्या सुतारांनी खांब थेट जमिनीत न पुरता काळ्या दगडाच्या तळखड्यावर उभा केला, तो यासाठीच. तळखडा जोत्याच्या वर उचललेला असे, खांबाभोवती वारा खेळे आणि भिजलेले टोक पाऊस थांबताच वाळू लागे.

अलीकडच्या काळात ही रचना नकळत मोडली गेली. शेणाने सारवलेल्या पडवीत कोबा आला, कोब्यावर फरशी आली आणि प्रत्येक थराबरोबर जमीन दोन-तीन इंच वर चढली. तळखडा तिच्याखाली गडप झाला. फट दिसू नये म्हणून खांबाभोवती सिमेंटचा गोट केला गेला. सिमेंट आणि लाकूड एकजीव कधीच होत नाहीत. लाकूड उन्हाळ्यात आकसते, कडेने केसाएवढी फट पडते आणि पहिल्याच पावसात तिच्यातून उतरलेले पाणी खाली अडकून राहते. मजबुतीसाठी केलेला हा गोट खांबाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यात भर म्हणजे पूर्वी पावसाळ्यात पडवीला बाहेरून झावळ्यांचे झाप लावत आणि खांबांवर झड येत नसे. झाप गेले, उघडे खांब मात्र राहिले.

पाहणी पावसात, काम उन्हाळ्यात

पाण्याची वाट पाहण्याचा खरा काळ आषाढ-श्रावण हा आहे. जोरदार सर येत असताना पडवीत उभे राहावे आणि पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, त्यांचे उडालेले पाणी खांबावर किती उंच चढते, फुटक्या कौलातून किंवा गंजलेल्या पन्हळीतून आलेली धार वाश्यावरून तुळईवर आणि तिथून खांबावर उतरते का, फरशीचा उतार बाहेर आहे की घराकडे, हे टिपून ठेवावे. कठीण जमिनीवर पडलेली पागोळी फूट-दीड फूट सहज उडते. कुजलेल्या भागाची उंची आणि ही ओली रेघ पुष्कळदा जुळते.

दुरुस्ती मात्र फाल्गुन-चैत्रात, लाकूड वर्षातले सर्वांत कोरडे असताना करावी. मे महिन्याच्या अखेरीस हे काम काढू नये, कारण मृगाच्या आधी वळवाचे पाऊस येतात आणि अर्धवट टेकवलेल्या छपराखाली वारा शिरणे धोक्याचे असते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने छपरांची काय गत केली, ते किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको.

खांब तपासण्यासाठी आरी, म्हणजे चांभाराकडे असतो तसा अणकुचीदार टोचा, किंवा जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी पुरेशी आहे. तळापासून वर जात दर दोन इंचांवर आरी टोचावी. निरोगी लाकडात ती जेमतेम शिरते आणि ओढताना तंतूची लांब चिरफळी निघते, तर कुजलेल्या लाकडात ती सहज रुतते आणि उचकटलेला तुकडा चुरा होऊन तुटतो. हातोडीने ठोकल्यावर येणारा भरीव आणि पोकळ आवाज कानाला लगेच कळतो. वरून रंग शाबूत असला, तरी विश्वास ठेवू नये. तेलरंगाच्या पापुद्र्याखाली खांब पार पोकळ झालेला असू शकतो. संशय वाटल्यास ३ मिलिमीटरच्या गिरमिटाने आडवे छिद्र पाडून बाहेर येणारा भुसा पाहावा. कोरडा, फिक्कट भुसा चांगल्या लाकडाचा. काळपट आणि ओलसर निघाला, तर आत कूज आहे.

मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर वाळवी आहे. टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि त्यांखाली पिठासारखा भुसा दिसला, तर लाकूड पोखरणारा भुंगा आहे. वाळवी जमिनीतून येते आणि तिला ओल लागते, त्यामुळे नुसता खांब बदलून ती जात नाही. जोत्याभोवतीच्या मातीवर उपचार लागतो, आणि घराजवळ विहीर असेल, तर ते काम परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच, विहिरीची कल्पना देऊन, करून घ्यावे.

पाहणीनंतर निर्णय घ्यावा. कूज अर्ध्या इंचाहून उथळ असेल, तर मऊ भाग पटाशीने खरवडून, लाकूड पूर्ण वाळवून, औषध लावून खळगा इपॉक्सी लांबीने, म्हणजे पुटीने, भरता येतो. इपॉक्सी भार पेलण्यासाठी नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे. खांबाच्या आडव्या छेदाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कुजला असेल, तर तेवढा भाग कापून काढावाच लागतो. खांबावर माडी उभी असेल, लागोपाठचे दोन-तीन खांब गेले असतील, तुळईला चीर असेल किंवा तिचे खांबावर टेकलेले टोकच कुजले असेल, किंवा ओळंबा सोडल्यावर खांब इंचभराहून अधिक कललेला आढळला, तर हे काम स्वतः करू नये. जुन्या घरांचा अनुभव असलेल्या सुताराला आणि शक्य तर स्थापत्य अभियंत्याला दाखवावे. घर सामाईक असेल, तर करवत चालवण्याआधी भाऊबंदांशी बोलून घेणे हाही कामाचाच भाग समजावा.

भार टेकूवर घेणे

खांब पातळ दिसतो, म्हणून त्यावरचा भारही थोडाच असेल, असा समज होतो. मंगलोरी कौल अडीच ते तीन किलोचे असते आणि चौरस मीटरला साधारण १५ कौले बसतात, म्हणजे नुसत्या कौलांचेच वजन चाळीस किलोच्या आसपास होते. वासे आणि रिपा धरून ते साठपर्यंत जाते. खांब दोन मीटरवर असतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन मीटर रुंदीचे छप्पर येत असेल, तर एका खांबावर सुमारे अडीचशे किलो भार असतो. वर माणूस चढला किंवा कौले पाणी प्याली, की तो आणखी वाढतो. एवढे ओझे वीतभर जरी खाली आले, तरी खालच्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

म्हणून प्रथम त्या खांबावरची कौले दोन-तीन ओळी उतरवून ठेवावीत. वासे उघडे पडतात, भार हलका होतो आणि सरकलेले कौल डोक्यावर पडण्याची भीतीही उरत नाही. कौले उतरवताना वाश्यांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच फिरावे. खांबाला वायर, बटण किंवा मीटरची पेटी लावलेली असेल, तर मुख्य स्विच बंद करून ती वायरमनकडून आधी हलवून घ्यावी. पडवीतली मुले, म्हातारी माणसे आणि गुरे दुसरीकडे न्यावीत. जिन्याखालची आणि खांबाच्या सांदीतली अडगळ हलवताना बूट आणि जाड हातमोजे घालावेत, बॅटरी मारून पाहावे, कारण विंचू आणि गांधीलमाश्यांची ती ठरलेली जागा आहे.

टेकू एक नको, दोन असावेत. कुजलेल्या खांबाच्या दोन्ही अंगांना, फूट-दीड फूट अंतरावर, थेट तुळईखाली ते यावेत. सेंट्रिंगवाल्यांकडे भाड्याने मिळणारे लोखंडी प्रॉप उत्तम. ते नसतील, तर चार इंच जाडीच्या सरळ, न चिरलेल्या लाकडी बल्ल्या चालतात. मांडवाला वापरतात त्या पोफळीच्या सोटांवर छप्पर टेकवू नये. टेकूखाली दोन इंच जाडीची, तीन फूट लांबीची फळी आडवी टाकावी, म्हणजे भार पसरतो. फरशी ठोकून पाहावी. खाली पोकळ वाजत असेल, तर ती काढून भक्कम जमिनीवर फळी बसवावी. जोत्याच्या कडेला चिकटून टेकू लावल्यास जांभ्याचा चिरा निखळतो, म्हणून कडेपासून किमान फूटभर आत राहावे. टेकूच्या माथ्यावरही तुळईला वळ उठू नयेत म्हणून फळीचा तुकडा द्यावा, आणि दोन्ही टेकू एकमेकांना तिरप्या पट्टीने बांधून घ्यावेत. सरळ उभा टेकू भार पेलतो, पण बाजूने बसलेला धक्का पेलत नाही.

उचलण्यासाठी जॅक वापरायचा असेल, तर स्क्रूचा वापरावा. तेलावर चालणारा जॅक हळूहळू उतरू शकतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबून कुणीही छपराखाली हात घालू नये. कोणताही जॅक उचलण्यापुरताच असतो. उचलून झाले, की भार टेकूंवर यावा आणि समोरासमोरून ठोकलेल्या कठीण लाकडाच्या दोन-दोन पाचरींनी ते घट्ट करावेत. जॅकखाली विटांची किंवा गोट्यांची चळत कधीही लावू नये.

किती उचलायचे, याबद्दल फार गैरसमज आहे. खांब मोकळा होण्यापुरते दोन-तीन मिलिमीटर पुरतात. पाव फेरा द्यावा, थांबावे, लाकडाचा आवाज ऐकावा, वर नजर टाकावी आणि मग पुढचा पाव फेरा द्यावा. कित्येक वर्षांत बसलेली पडवी एका दुपारी सरळ करण्याचा मोह आवरावा. तसे केल्यास वासे आढ्यापाशी निसटतात आणि माजघराच्या भिंतीला चीर जाते. एका वेळी एकच खांब घ्यावा.

खांबाचा पाय बदलणे

कापण्यापूर्वी खांबाचा वरचा भाग तुळईला आणि टेकूंना दोरीने बांधावा, कारण तळ सुटला की तो झुलतो. त्यानंतर सिमेंटचा गोट छिन्नीने फोडून आणि फरशी दोन-तीन इंच मागे कापून तळखडा उघडा करावा. दिसणाऱ्या कुजीच्या वर किमान सहा इंच निरोगी लाकूड गेल्यावरच कापण्याची रेघ मारावी, नाहीतर बुरशीचे अदृश्य धागे नव्या लाकडात उतरतात.

कूज फूटभराच्या आत असेल, तर लाकडाला लाकूड जोडण्याऐवजी दगडच उंच करावा, असे माझे मत आहे. कापलेल्या खांबाखाली घडीव काळ्या दगडाचा नवा, उंच तळखडा बाजूने सरकवून बसवला, की लाकूड पाण्याच्या रेघेच्या वर जाते आणि सांध्याचा प्रश्नच राहत नाही. दगड जुन्या तळखड्यावर किंवा पक्क्या पायावर चुना-सिमेंटात बसवावा आणि तो खांबापेक्षा चहूबाजूंनी इंच-दीड इंच रुंद असावा. त्याच्या माथ्याच्या मोकळ्या कडांना बाहेर किंचित उतार द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. घर उभे असताना दगडात कूस, म्हणजे खांबाच्या टोकाला कोरलेली जीभ, बसवता येत नाही, कारण तेवढ्यासाठी खांब दोन-तीन इंच उचलावा लागेल. म्हणून खांबाच्या दोन बाजूंना स्टेनलेस स्टीलच्या किंवा जस्त चढवलेल्या पट्ट्या लावून त्या दगडाला अँकर बोल्टने आवळाव्यात. छपराचे वजन खांबाला खाली दाबते, पण वादळात वारा छप्पर वर उपटतो. या पट्ट्या त्या वेळी कामी येतात. खांब जिथे तुळईला मिळतो, तिथेही अशीच पट्टी असावी. दगड आणि लाकूड यांच्यातली बारीक फट शिशाच्या किंवा स्टेनलेस पत्र्याने भरावी, तिथे सिमेंट कोंबू नये.

कूज त्याहून वर गेली असेल, तर लाकडाचा नवा पाय जोडावा लागतो. जुन्या खांबाची आणि नव्या तुकड्याची निम्मी-निम्मी जाडी कापून ते एकमेकांवर बसवावेत. या सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिपटीहून कमी नसावी, म्हणजे सहा इंची खांबाला दीड फूट. खाचांच्या आडव्या कडा गुण्याने, म्हणजे काटकोनाच्या पट्टीने, आखून अशा तासाव्यात, की दोन्ही ठिकाणी लाकूड लाकडावर पूर्ण टेकेल. भार या कडांनी पेलायचा असतो, बोल्टांनी नव्हे. बाहेरच्या अंगाची कडा दोन-तीन मिलिमीटर बाहेर उतरती ठेवावी. १२ मिलिमीटरचे, जस्त चढवलेले तीन बोल्ट एका रेषेत न घेता थोडे आडवे-तिडवे घ्यावेत, म्हणजे लाकूड उभे चिरत नाही, आणि प्रत्येकाखाली रुंद वायसर द्यावे.

नवा तुकडा शक्यतो मूळ खांबाच्याच जातीचा असावा. साग, किंजळ, ऐन किंवा फणस, काहीही असो, गाभ्याचे लाकूड घ्यावे. बाहेरचा फिक्कट भाग सागाचा असला, तरी तो वाळवीला आणि बुरशीला बळी पडतो. उतरवलेल्या जुन्या घराचे लाकूड मिळाले, तर ते सोन्यासारखे मानावे, कारण ते पूर्ण वाळलेले असते. फक्त आतले खिळे शोधून काढावेत. वखारीतले ओले लाकूड बसवल्यास सांधा पहिल्याच उन्हाळ्यात सैल होतो.

ग्राइंडरला लाकूड कापायचे पाते लावून काम करण्याची पद्धत सर्रास दिसते. ती कृपा करून टाळावी. ते पाते लाकडात अडकले, की यंत्र हातातून उसळते आणि त्याला आवरायला वेळच मिळत नाही. या कामाला हातकरवत आणि धारदार पटाशी पुरते. विजेचे कोणतेही हत्यार वापरताना जोडणी आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज आपोआप तोडणारा स्विच, असलेल्या बोर्डावरूनच घ्यावी. जुना तेलरंग कोरडा घासू नये. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) कमी ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकते. असा रंग ओला करून खरवडावा, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि खपल्या गोळा करून टाकाव्यात. त्या चुलीत जाळू नयेत. औषध मारलेले जुने लाकूडही जळणात घालू नये.

औषध आणि तेल

बसवण्यापूर्वी नव्या तुकड्याला आणि जुन्या खांबाच्या कापलेल्या टोकाला बोरॉनचे औषध द्यावे. दहा लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवले, की द्रावण तयार होते. नवा तुकडा खालच्या टोकाने या द्रावणात रात्रभर उभा ठेवावा आणि बाकीच्या भागाला ब्रशने तीन हात द्यावेत. ते मुलांपासून आणि गुरांपासून लांब ठेवावे आणि उरलेले विहिरीच्या किंवा परसबागेच्या वाटेला ओतू नये. बोरॉन पावसाने धुऊन जाते, म्हणून वाळल्यावर वर तेलाचे किंवा रंगाचे आवरण हवेच.

काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची कोकण-गोव्याची जुनी रीत उपयोगी आहे, मात्र त्या तेलाने कातडीवर फोड येतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातल्याशिवाय त्याला हात लावू नये. गाडीचे जळके ऑइल फासण्यात अर्थ नाही, ते फक्त वरवर राहते. जवसाचे तेल लावल्यावर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण ती आपोआप तापून पेटतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

जिना

पडवीतून माळ्यावर जाणाऱ्या लाकडी जिन्याची तपासणी खांबासारखीच करावी, पण त्यावर चढून नव्हे, खालून. बाजूच्या दोन फळ्यांची जमिनीवर टेकलेली टोके आणि पायऱ्या त्यांच्या खाचांत जिथे बसतात त्या जागा आधी टोचून पाहाव्यात. काम पूर्ण होईपर्यंत वर आणि खाली आडवी काठी बांधून जिना बंद ठेवावा. नुसत्या दोरीला लोक जुमानत नाहीत आणि ती ओलांडून चढतात.

पायऱ्या एकेक करून बदलाव्यात. सगळ्या एकदम काढल्या, तर बाजूच्या फळ्यांना धरून ठेवणारे काहीच राहत नाही आणि जिना फाकतो. अडीच-तीन फूट रुंदीच्या जिन्याला दीड इंच जाडीची फळी लागते. ती खिळ्यांऐवजी गंज न चढणाऱ्या स्क्रूंनी, आधी छिद्र पाडून बसवावी. जिना उघड्यावर असेल, तर पायरीला पुढच्या बाजूस दोन-तीन मिलिमीटर उतार द्यावा आणि पुढची कडा गोल करावी. सर्व पायऱ्यांची उंची सारखी असणे हे फळीच्या जातीपेक्षा महत्त्वाचे आहे, कारण पाय सवयीने पडतो आणि अर्ध्या इंचाचा फरकही उतरताना माणसाला पाडतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातल्या जिन्याची पायरी १९० मिलिमीटरहून उंच आणि २५० मिलिमीटरहून अरुंद नसावी. माळ्याचे जुने जिने याहून खडे असतात. ते तसेच ठेवायचे असतील, तर निदान एका बाजूला कमरेच्या उंचीचा भक्कम कठडा बसवावा.

बाजूच्या फळीचे टोक कुजले असेल, तर तेवढे कापून तिथे दगड द्यावा. दगडाची उंची कापलेल्या भागाइतकीच ठेवावी, नाहीतर पहिली पायरी बाकीच्यांशी जुळत नाही. कूज पायरीच्या खाचेपर्यंत पोहोचली असेल, तर डागडुजी न करता पूर्ण फळी बदलावी.

टेकू काढणे

नवा पाय बसल्यावर पाचरी थोड्या-थोड्या सैल कराव्यात आणि भार खांबावर येऊ द्यावा. ओळंबा सोडून खांब पाहावा, सांध्यात कागद शिरतो का ते तपासावे. सगळे ठीक दिसले, तरी टेकू दोन-तीन दिवस हलकेच टेकवलेले राहू द्यावेत आणि नंतरच पुढच्या खांबाकडे वळावे. फरशी खांबापर्यंत परत चिकटवू नये. दोन इंचांची मोकळी जागा ठेवून तिच्यात बारीक खडी भरावी आणि पडवीला बाहेरच्या बाजूला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार द्यावा. पागोळ्यांखाली अंगणात फूट-दीड फूट रुंदीचा खडीचा पट्टा टाकला, की पाणी उडणे बरेच कमी होते. पन्हळ लावता आली, तर त्याहून चांगले. नवे लाकूड पहिल्या वर्षी आकसतेच, तेव्हा पुढच्या फाल्गुनात बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत आणि तळाशी आरी टोचून पाहावी.